विश्लेषण : समोरून आले 'दोन बदाम', तुमच्या हातात १९ पॉइंट, ब्रिजमध्ये आता काय बोलायचे?

लोणंदच्या बाजार समितीत कांद्याचा लिलाव पाहिलेल्या माणसाला बोली म्हणजे काय, हे समजावून सांगावे लागत नाही. व्यापारी मालाभोवती जमतात, कुणी एक आकडा बोलतो, दुसरा त्यावर चढतो. कधी एखादा पहिल्याच फटक्यात इतका वरचा आकडा टाकतो, की बाकीचे विचारात पडतात. ब्रिज या पत्त्यांच्या खेळातही हेच होते. फरक एवढाच, की तिथे पहिल्या फटक्यात उडी मारणाऱ्याच्या हातात बहुतेक वेळा फारसे काही नसते. तो माल घ्यायला आलेला नसतो, खरा गिऱ्हाईक बोलू नये म्हणून आलेला असतो. मग ज्याच्या हातात खरोखर दमदार पाने आहेत त्याने काय करायचे? नवख्यांपासून आंतरराष्ट्रीय खेळाडूंपर्यंत सर्वांना छळणारा हा प्रश्न आहे.

मेंढीकोट येतो, मग ब्रिज किती लांब?

फार लांब नाही. मेंढीकोटासारखेच इथेही चौघे, समोरासमोर बसलेले दोन जोडीदार, ५२ पाने, प्रत्येकाला १३. उतारी होते, रंग असेल तर द्यावा लागतो, नसेल तर हुकमाने मारता येते. चार पानांचा एक हात, असे एकूण १३ हात. वेगळी आहे ती सुरुवातीची बोली. हुकूम कोणता आणि आपण किती हात करणार, हे आधी जाहीर करायचे आणि मग ते करून दाखवायचे. बोलीत पहिले सहा हात गृहीत धरतात, म्हणून 'दोन बदाम' म्हणजे बदाम हुकूम आणि आठ हात. 'चार इस्पिक' म्हणजे इस्पिक हुकूम आणि दहा हात.

चढता क्रम किलवर, चौकट, बदाम, इस्पिक आणि सर्वांत वर नो ट्रम्प, म्हणजे बिनहुकमी. सात पायऱ्या गुणिले पाच, एकूण ३५ बोली. आपली बोली आधीच्या बोलीपेक्षा वरची असावी लागते. खाली उतरता येत नाही. लक्षात ठेवायचे ते एवढेच.

हाताची ताकद मोजायला एक्क्याला चार, राजाला तीन, राणीला दोन आणि गुलामाला एक पॉइंट धरतात. एकूण ४० पॉइंट, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला सरासरी दहा. जोडीकडे मिळून २५ च्या आसपास असतील तर चार इस्पिक, चार बदाम किंवा तीन नो ट्रम्प होण्याची बरी शक्यता असते. या बोलींना 'गेम' म्हणतात आणि त्यांना वेगळे घसघशीत बक्षीस असते. त्या खाली थांबलात तर हात कितीही झाले तरी ते बक्षीस हुकते.

हातात काही नसताना माणूस उडी का मारतो?

कारण बोली म्हणजे जोडीदारांची एकमेव भाषा आहे. 'माझ्याकडे इस्पिक सहा आहेत' असे तोंडाने सांगता येत नाही. जे सांगायचे ते बोलीतूनच. बाजारात एकेकाळी रुमालाखाली बोटे दाबून सौदे ठरत. ब्रिजमध्ये तसे काही केले तर ती सरळ फसवणूक ठरते. १९६५ मध्ये ब्युनोस आयर्सच्या जागतिक स्पर्धेत ब्रिटनच्या टेरेन्स रीस आणि बोरिस शापिरो या जोडीवर बोटांच्या खुणा केल्याचा आरोप झाला. जागतिक संघटनेने त्यांना दोषी धरले, नंतरच्या ब्रिटिश चौकशीने निर्दोष. त्यावर जुने खेळाडू अजून भांडतात.

तर भाषा एवढीच, आणि तिचे शब्द ३५. समोरच्याने 'एक किलवर'ने सुरुवात केली तर तुमच्यापुढे ३४ शब्द शिल्लक राहतात. त्याने थेट 'दोन बदाम' म्हटले तर २७. 'तीन बदाम' म्हटले तर २२ आणि 'चार बदाम' म्हटले तर १७. त्याने तुमचे एकही पान घेतलेले नाही, फक्त बोलायची जागा खाऊन टाकली आहे.

ही उडी आंधळी नसते. 'दोन बदाम' या दुबळ्या सुरुवातीत साधारण सहा बदाम आणि सहा ते दहा पॉइंट असतात. तिसऱ्या पायरीवर सहसा सात पाने. बदाम हुकूम झाले तर हा हात चार-पाच हात ओढतो, दुसरा हुकूम झाला तर जवळपास काहीच नाही. म्हणून तो आपल्याच रंगाचा आग्रह धरतो. हरला तरी गणित त्याच्या बाजूने असू शकते: डबल लावलेल्या बोलीत दोन हात कमी पडले तर साध्या डावात दंड ३०० गुणांचा, आणि तुमचा हुकलेला चार इस्पिकचा गेम ४२० चा. अमेरिकन खेळाडू हॉवर्ड शेंकन यांचे नाव या दुबळ्या 'दोन'च्या प्रसाराशी जोडले जाते. त्याआधी दोनची बोली म्हणजे राक्षसी ताकदीचा हात, असा रिवाज होता. आज जगभर उलटे चालते.

एक डाव पाहू

डाव या लेखासाठी रचलेला आहे, पण असे डाव रोज पडतात. पत्ते पश्चिमेने वाटले, दोन्ही बाजू साध्या डावात.

पश्चिम : इस्पिक नव्वी, छक्की. बदाम राजा, राणी, गुलाम, दश्शी, अठ्ठी, तिर्री. चौकट गुलाम, सत्ती, चौकी. किलवर अठ्ठी, छक्की.

उत्तर : इस्पिक एक्का, राजा, राणी, दश्शी, सत्ती, चौकी. बदाम पंजी. चौकट एक्का, राजा, छक्की. किलवर राणी, गुलाम, तिर्री.

पूर्व : इस्पिक अठ्ठी, तिर्री, दुर्री. बदाम एक्का, छक्की. चौकट राणी, दश्शी, नव्वी. किलवर एक्का, दश्शी, सत्ती, पंजी, दुर्री.

दक्षिण : इस्पिक गुलाम, पंजी. बदाम नव्वी, सत्ती, चौकी, दुर्री. चौकट अठ्ठी, पंजी, तिर्री, दुर्री. किलवर राजा, नव्वी, चौकी.

पश्चिमेकडे अवघे सात पॉइंट. तो 'दोन बदाम' म्हणतो. आता पाळी उत्तरेची, हातात १९ पॉइंट आणि सहा इस्पिक.

पहिली ऊर्मी 'दोन इस्पिक' म्हणायची. पण असे दोन इस्पिक तेरा-चौदा पॉइंटांवरही म्हणतात. दक्षिणेकडे चारच पॉइंट आहेत, तो शांतपणे पास म्हणेल आणि त्याला दोष देता येणार नाही. खेळून पाहिले तर हात दहा होतात: इस्पिकचे सहा, चौकटचे दोन, किलवरचे दोन. जातात तीनच, बदामचा एक्का, किलवरचा एक्का आणि एक चौकट. दोन इस्पिक बोलून दहा हात केल्याचे गुण १७०, चार इस्पिक बोलून तेच दहा हात केल्याचे ४२०. सांघिक सामन्यात दुसऱ्या टेबलावरच्या जोडीने हाच डाव चार इस्पिकमध्ये खेळला, तर २५० गुणांचा हा फरक सहा 'इम्प' होतो. दंड आणि बक्षीस दोन्ही मोठे असलेल्या, म्हणजे 'व्हल्नरेबल' डावात १७० विरुद्ध ६२०, थेट दहा इम्प. सामने यापेक्षा कमी फरकाने हरले-जिंकले जातात.

दुसरी ऊर्मी रागाची. सात पॉइंटवर दादागिरी करतोय, डबल लावून शिक्षा करू! पण समजा उत्तरेने डबल म्हटले आणि सर्वांनी तिथेच सोडले, तर काय होते? पश्चिमेला दोन इस्पिक, दोन चौकट आणि एक किलवर एवढेच द्यावे लागतात. नीट खेळला तर आठ हात होतात, म्हणजे बोली पूर्ण. डबल लावलेले दोन बदाम पूर्ण झाले, की ४७० गुण त्यांच्या खात्यात. उत्तर-दक्षिणेकडे मिळून २३ पॉइंट असूनही.

मग डबल कशाला म्हणायचे?

इथे नवख्यांचा गोंधळ उडतो. खालच्या पायरीवरच्या बोलीनंतर लगेच आलेल्या डबलचा अर्थ शिक्षा नसतो. तो जोडीदाराला केलेला प्रश्न असतो: 'त्यांचा रंग सोडून तुझा चांगला रंग कोणता?' याला टेकआउट डबल म्हणतात. आजचा कॉन्ट्रॅक्ट ब्रिज अमेरिकन उद्योगपती हॅरोल्ड व्हँडरबिल्ट यांनी १९२५ मध्ये एका जहाजावर मित्रांसोबत खेळून आकाराला आणला. हा डबल त्याच्याही आधीचा, ऑक्शन ब्रिजच्या काळातला. दुबळ्या उडीला आजही यापेक्षा चांगले उत्तर सापडलेले नाही. कारण सोपे आहे. डबल कोणतीही जागा खात नाही. समोरच्याने खाल्लेल्या जागेतून उरलेली सगळी जोडीदाराच्या हवाली करतो.

नमुनेदार टेकआउट डबल असा: इस्पिक चार, बदाम एकच, चौकट चार, किलवर चार आणि १४ पॉइंट. जोडीदाराने कोणताही रंग सांगितला तरी चालतो. पण डबलचा दुसरा उपयोगही आहे, आणि आपल्या उत्तरेला तोच लागतो. साधारण १७-१८ पॉइंटांच्या वरचा, एका लांब रंगाचा हात आधी डबल म्हणतो आणि जोडीदाराने काहीही सांगितले तरी पुढच्या पाळीला आपला रंग बोलतो. त्या दोन पावलांचा मिळून अर्थ होतो: 'माझा हात नुसते दोन इस्पिक म्हणण्यापेक्षा फार मोठा आहे.'

आपल्या डावात मग संवाद असा होतो. दोन बदाम, डबल, पूर्वेचा पास. दक्षिणेकडे चार चौकट आहेत. तो नाइलाजाने 'तीन चौकट' म्हणतो. पश्चिम पास. उत्तर 'तीन इस्पिक'. आता दक्षिणेने आपल्या हाताकडे नव्याने पाहायचे. शून्य पॉइंट असते तरी त्याला बोलावेच लागले असते. त्यामानाने हुकमाचा गुलाम आणि किलवरचा राजा ही दोन कामाची पाने आहेत. तो 'चार इस्पिक' म्हणतो. पूर्वेला शंका येऊन त्याने 'पाच बदाम' म्हटलेच, तर डबल खाऊन तीन हात कमी पडतात आणि दंड ५०० बसतो. ४२० वाचवायला हा सौदा महाग आहे.

जोडीदाराकडे किती धरायचे?

हे ठरवण्यासाठी बेरीज-वजाबाकी पुरते. एकूण ४०. दुबळ्या सुरुवातीचे आठ धरा. तुमच्याकडे १६ असतील तर उरले १६, आणि ते दोन न दिसणाऱ्या हातांत विभागलेले. म्हणजे जोडीदाराकडे सरासरी आठ. अनुभवी खेळाडू सात-आठ धरूनच बोलतात. जोडीदारानेही हे ओळखून वागायचे असते: त्याच्याकडचे सात-आठ तुम्ही आधीच मोजले आहेत. तेवढ्यावर त्याने पुन्हा उडी मारली तर तेच पैसे दोनदा खर्च होतात. उडीवर बोलताना झालेल्या नुकसानीत या दुहेरी मोजणीचा वाटा मोठा असतो.

आपल्या डावात मात्र सरासरीने दगा दिला. ४० उणे आठ उणे १९, म्हणजे १३ उरतात. जोडीदाराकडे साडेसहा अपेक्षित, निघाले चार. तरीही गेम झाला, कारण ते चार पॉइंट योग्य जागी होते. किलवरच्या राजाऐवजी बदामचा राजा असता, तर एकट्या पंजीसमोर त्याचा उपयोग झालाच असता असे नाही. पॉइंट ही फूटपट्टी आहे, ती ताणून सगळे मोजता येत नाही.

तीन चौकट म्हणणारा खरेच दुबळा, की दहा पॉइंटवाला?

चांगला प्रश्न. आधीच्या संवादात हे कळत नाही, आणि डबल म्हणणाऱ्याचे अडते. त्यावर 'लेबेन्सोल' नावाची तोड आहे. दोनच्या दुबळ्या बोलीवर जोडीदाराने डबल म्हटले, की दुबळा हात 'दोन नो ट्रम्प' म्हणतो. हा सांकेतिक शब्द आहे: 'माझ्याकडे फारसे नाही, तू तीन किलवर म्हण, मग मी माझा रंग सांगतो.' थेट तिसऱ्या पायरीवर रंग सांगितला तर अर्थ साधारण आठ ते अकरा पॉइंट. आपल्या डावात दक्षिण 'दोन नो ट्रम्प' म्हणेल. उत्तर मात्र सांगितल्याप्रमाणे तीन किलवर न म्हणता 'तीन इस्पिक' म्हणेल. तू दुबळा आहेस हे कळले, तरीही मी पुढे जातोय, एवढा त्याचा अर्थ. अशी सांकेतिक बोली समोरच्यांपासून लपवता येत नाही. विचारले तर अर्थ सांगावाच लागतो. नवख्या जोडीने हे पहिल्या महिन्यात शिकायची गरज नाही. दोघांपैकी एक विसरला तर नुकसान मोठे.

डबल सोडून इतर वाटा आहेत. १५ ते १८ पॉइंट, चारही रंग समतोल आणि त्यांच्या बदामात राजा-गुलामासारखी अडवणूक असेल तर सरळ 'दोन नो ट्रम्प'. साधा पाच-सहा पानांचा रंग आणि सुरुवातीपुरती ताकद असेल तर तो रंग. उडी मारून 'तीन इस्पिक' म्हटले तर ते दुबळे नसते. दुबळ्यावर दुबळी उडी नाही, हा जगभरचा संकेत. त्यामुळे तो चांगला सहापत्ती रंग आणि १६ च्या आसपासचा हात असतो. इस्पिक पाच आणि एक लहान रंग पाच, असा तगडा दुरंगी हात असेल तर 'लीपिंग मायकल्स'मध्ये थेट चार किलवर किंवा चार चौकट म्हणतात. एकाच शब्दात दोन्ही रंग सांगून होतात.

विचार करायला वेळ किती?

ऐकायला गंमत वाटेल, पण उडीनंतर पुढच्या खेळाडूने सुमारे दहा सेकंद थांबावे, असा संकेत अनेक स्पर्धांत आहे, हात कसाही असो. बोली तोंडाने नव्हे, छापील कार्डांनी होते. उडी मारणारा काही ठिकाणी 'स्टॉप'चे कार्ड ठेवतो. कारण असे, की तुम्ही बराच विचार करून पास म्हटलात तर जोडीदाराला कळते, काहीतरी होते. ती माहिती त्याने वापरायची नसते. वापरली तर पंच गुण बदलू शकतात. सगळेच दहा सेकंद थांबले, की थांबण्यातून काही फुटत नाही.

भारतात हे एवढे गांभीर्याने कोण खेळते?

जकार्तातील २०१८ च्या आशियाई स्पर्धेत ब्रिजचा पहिल्यांदा समावेश झाला. तिथे प्रणब बर्धन आणि शिबनाथ सरकार या बंगालच्या जोडीने पुरुष दुहेरीत सुवर्ण जिंकले, तेव्हा बर्धन ६० वर्षांचे होते. पुरुष संघ आणि मिश्र संघाला कांस्यपदके मिळाली. पुरुष संघात मुंबईचे जग्गी शिवदासानी होते, मिश्र संघात मुंबईच्याच हेमा देवरा. पुढची स्पर्धा २०२३ मध्ये हांगझोऊत झाली. तिथे भारतीय पुरुष संघ अंतिम फेरीत हाँगकाँगकडून हरला आणि रौप्य घेऊन परतला. त्या संघातही शिवदासानी होतेच.

'पत्ते म्हणजे जुगार' हा शिक्का मात्र गावोगाव कायम आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये रमीच्या एका खटल्यात रमी मुख्यतः कौशल्याचा खेळ असल्याचे म्हटले, तेव्हा त्यातल्या नशिबाची तुलना ब्रिजच्या वाटणीशी केली होती. स्पर्धेच्या ब्रिजमध्ये तर तेच वाटप दोन्ही टेबलांवर खेळतात. पाने वाईट आली ही तक्रार चालत नाही, कारण समोरच्या टेबलावरही तीच पाने असतात.

लोणंदसारख्या गावात चौथा भिडू मिळणे ही जुनी अडचण. फोनवर ती उरलेली नाही. ब्रिज बेस ऑनलाइनवर यंत्राबरोबर फुकट खेळता येते. मात्र तिथे यंत्राची बोली-पद्धत ठरलेली असते. बोलीवर बोट ठेवले की तिचा अर्थ दिसतो, तो आधी वाचावा.

तगडा हात असून गप्प बसायचे कधी?

समजा, 'दोन बदाम' तुमच्या उजव्या हाताच्या खेळाडूने म्हटले आणि तुमच्याकडेच बदामची पाच पाने आहेत: राजा, गुलाम, नव्वी धरून. शिवाय १५ पॉइंट, पण इस्पिक एकच. डबल म्हणालात तर जोडीदार इस्पिक सांगेल. नो ट्रम्प म्हणायला हात समतोल नाही. शिस्त सांगते, पास. डोक्यात कितीही राग असला तरी चेहरा न बदलता पास.

आता जबाबदारी जोडीदाराची. डावीकडच्यानेही पास म्हटले, की बोली त्याच्यापर्यंत पोहोचते. त्याच्याकडे बदाम एखादेच असेल आणि दहा-अकरा पॉइंट असतील, तर त्याने तिथे डबल म्हणावे. एरवी डबलला लागतात त्यापेक्षा थोड्या कमी ताकदीवरही. बदाम आपल्याकडे नाहीत आणि डावीकडच्यानेही वाढवले नाहीत, म्हणजे ते बहुधा समोर आहेत, एवढे त्याने ताडायचे. मग तुम्ही त्या डबलवर पास म्हणता. प्रश्न म्हणून आलेला डबल आता खरीखुरी शिक्षा होतो.